फरशी भिंतीसारखी उभी का राहते: यथादर्शनाची जाळी मापाने आखण्याविषयी

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका तरुण डिझायनरने दोन अडचणी एकत्र मांडल्या आहेत. गणेशोत्सवाच्या मंडपात मूर्तीमागे लावण्यासाठी त्यांनी दरबाराचा 12 फूट रुंद आणि 8 फूट उंच पडदा तयार केला. त्यातील चौकटींची संगमरवरी फरशी आडवी पसरलेली न दिसता भिंतीसारखी उभी राहिलेली दिसते. दुसरी अडचण फलकाची आहे. दुकानाच्या तिरप्या फोटोवर नव्या पाटीचा नमुना बसवून दिला, तर ती पाटी इमारतीची वाटत नाही, वरून चिकटवलेली वाटते. यासाठी कोणता इफेक्ट वापरावा आणि तो फोटोशॉपमध्येच करावा लागतो की कोरलड्रॉ किंवा गिंपमध्येही जमतो, असा त्यांचा प्रश्न आहे.

दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे आणि ते सॉफ्टवेअरमध्ये नाही. यथादर्शनाची, म्हणजे पर्स्पेक्टिव्हची, जाळी ही चित्रावर चढवण्याची नक्षी नसून ती एका विशिष्ट जागी उभ्या असलेल्या डोळ्याने घेतलेले माप असते. तो डोळा किती उंचीवर आहे, तो कुठे पाहतो आहे आणि चित्रापासून किती अंतरावर आहे, या तीन गोष्टी ठरल्या की जाळीची प्रत्येक रेषा आपोआप ठरते आणि त्यात आवडीनिवडीला जागा उरत नाही. त्या न ठरवता पर्स्पेक्टिव्हचे टूल हाती घेतले, तर टूल आपले काम चोख करते, पण ते आपण न नेमलेल्या कुठल्या तरी भलत्याच डोळ्यासाठी करते.

तुमच्या पडद्यापासून सुरुवात करू. तुम्ही पाठवलेल्या चित्रात क्षितिजरेषा, म्हणजे फरशीच्या सगळ्या रेषा ज्या पातळीकडे धावतात ती रेषा, पडद्याच्या बरोबर मध्यावर आहे. आता मंडपाचा हिशेब करा. व्यासपीठ रस्त्यापासून साधारण 4 फूट उंच असते आणि पडदा त्यावर उभा असतो. पडद्याचा मध्य त्याच्या खालच्या कडेपासून 4 फुटांवर, म्हणजे रस्त्यापासून 8 फुटांवर येतो. दर्शनाला आलेला उभा माणूस मात्र साधारण 5 फुटांवरून पाहत असतो. त्याच्या डोळ्यापेक्षा 3 फूट उंचीवरून रेखाटलेली फरशी त्याला दाखवली जाते, तेव्हा ती त्याच्याकडे कललेली, उभी राहिलेली दिसणारच. खरी दृष्टिपातळी पडद्याच्या खालच्या कडेपासून फक्त 1 फुटावर आहे. त्या पातळीवर क्षितिज ठेवले तर 8 फुटांच्या पडद्यात फरशीला 1 फुटाचीच पट्टी मिळते आणि तीही मूर्तीच्या आणि आराशीच्या मागे जाते. म्हणून थोडी तडजोड करावी लागते. क्षितिज 2 फुटांपर्यंत वर नेले तरी डोळा ते सहज स्वीकारतो आणि फरशीही दिसते. त्याहून वर नेण्याचा सल्ला मी देणार नाही. उरलेले 6 फूट खांब, कमानी, पडदे आणि छताला द्यावेत. दरबाराची भव्यता उंचीतून दाखवावी लागते, पसरलेल्या फरशीतून नव्हे, आणि खालून पाहणाऱ्याला ती अधिकच जाणवते.

क्षितिज ठरले की चित्रातील माणसांचेही माप ठरते आणि याच ठिकाणी बहुतेक पडदे फसतात. क्षितिज फरशीपासून 2 फूट उंचीवर असेल, तर त्या सपाट फरशीवर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला, मग तो पुढे असो वा मागे, क्षितिजरेषा 2 फुटांवरच, म्हणजे गुडघ्याच्या थोडी वर छेदली पाहिजे. पुढचा मावळा मोठा आणि मागचा लहान काढावा हे सर्वांना ठाऊक असते, पण मागच्याचे पाय फरशीवर नेमके कुठे टेकवावेत याचे उत्तर हा एक नियम देतो. इंटरनेटवरून घेतलेली तयार चित्रे बसवताना हे विशेष सांभाळावे, कारण ती चित्रे वेगवेगळ्या उंचीवरून टिपलेली असतात. छातीच्या उंचीवरून काढलेला माणसाचा फोटो कितीही लहानमोठा केला, तरी गुडघ्याच्या पातळीवरच्या क्षितिजात तो पूर्णपणे मिसळत नाही.

याच ओघात शिवजयंतीच्या चित्ररथांविषयी एक सूचना करतो, कारण बेळगावातील मंडळांची मुले मंडपाचाच पडदा ट्रॉलीवर वापरता येईल का, असे हमखास विचारतात. मंडपातील पाहणारा समोर उभा असतो. चित्ररथ मात्र पुढे सरकत असतो आणि लोक त्याला रस्त्याच्या दोन्ही कडांवरून, गच्चीवरून, बाल्कनीतून पाहतात. ठळक चौकटींची फरशी एकाच जागेवरून खरी दिसते, इतर सर्व जागांवरून ती वाकडी दिसते. चित्ररथाच्या पडद्यावर क्षितिज अगदी खाली ठेवावे आणि फरशीची जाळी टाळून किल्ला, डोंगर, आकाश अशा गोष्टींवर भर द्यावा.

आता जाळीच्या अंतरांकडे वळू, कारण खरे काम तिथेच आहे. मागे जाणाऱ्या आडव्या रेषा एकमेकींच्या जवळ येत जातात हे सर्वजण दाखवतात, पण किती जवळ, हे अनेकजण अंदाजाने ठरवतात. त्याचा नियम सोपा आहे. क्षितिजापासून रेषेचे खालचे अंतर हे ती रेषा डोळ्यापासून जितकी दूर असेल तितक्या पटीने कमी होते. दुप्पट दूर असलेली रेषा क्षितिजाच्या निम्म्या अंतरावर येते, तिप्पट दूर असलेली तिसऱ्या हिश्शावर.

तुमच्या पडद्यासाठी 1 फुटाला 300 पिक्सेल असे कच्चे माप धरा. चित्र 3600 पिक्सेल रुंद आणि 2400 पिक्सेल उंच होईल, क्षितिज खालच्या कडेपासून 600 पिक्सेलवर येईल आणि लोपबिंदू, म्हणजे मागे जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळताना दिसतात तो बिंदू, त्यावर मधोमध, डाव्या कडेपासून 1800 पिक्सेलवर राहील. पाहणारा पडद्यापासून 12 फुटांवर, म्हणजे 3600 पिक्सेलवर आहे असे माना आणि फरशीचा एक चौक 3 फुटांचा घ्या. पहिली रेषा पडद्याच्या कडेवर, डोळ्यापासून 12 फुटांवर आहे. पुढच्या रेषा 15, 18, 21, 24 फुटांवर. त्यामुळे क्षितिजाखालची अंतरे अनुक्रमे 600, 480, 400, 343 आणि 300 पिक्सेल येतात. दोन रेषांमधली जागा 120, 80, 57, 43 अशी घटत जाते. सुरुवातीला ती वेगाने घटते आणि मग घटण्याचा वेग मंदावत जातो, हे नीट पाहून ठेवा.

अंदाजाने काम करणारा बहुधा प्रत्येक जागा आधीच्या जागेच्या ठराविक पटीत लहान करतो. पहिल्या दोन जागा 120 आणि 80 आहेत, म्हणजे दोन तृतीयांश. तोच हिशेब पुढे चालवला तर 53, 36, 24 अशा जागा मिळतात. पहिल्या चार-पाच रांगांपर्यंत चूक कळत नाही. पण अशा सगळ्या जागांची बेरीज कितीही रांगा घेतल्या तरी 360 पिक्सेलच्या पुढे जात नाही, त्यामुळे फरशी क्षितिजाच्या 240 पिक्सेल खालीच संपते. पडद्यावर हे जवळजवळ 10 इंच झाले. मग ती मोकळी राहिलेली पट्टी झाकण्यासाठी तिथे धुके किंवा पायरी काढली जाते आणि तरीही फरशी मागे जाऊन वर वळल्यासारखी दिसते. तुमच्या चित्रातील मागच्या पायरीजवळ नेमके हेच झाले आहे.

आकडेमोड नको असेल तर हेच माप पट्टीने मिळवता येते. पडद्याची खालची कड 900 पिक्सेलच्या चार समान भागांत विभागा आणि प्रत्येक खुणेपासून लोपबिंदूपर्यंत रेषा काढा. मग क्षितिजरेषेवर लोपबिंदूपासून उजवीकडे, पाहणाऱ्याच्या अंतराइतकी, म्हणजे 3600 पिक्सेलवर एक खूण करा. ती चित्राच्या उजव्या कडेच्या बाहेर 1800 पिक्सेलवर जाईल. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून या खुणेपर्यंत एक तिरकी रेषा ओढा. ही तिरकी रेषा लोपबिंदूकडे जाणाऱ्या रेषांना जिथे जिथे छेदते, तिथून आडव्या रेषा काढायच्या. पहिला छेद क्षितिजाखाली 480 पिक्सेलवर आणि दुसरा 400 वर येतो, म्हणजे वरच्या हिशेबाशी तंतोतंत जुळतो. ही तिरकी रेषा म्हणजे चौरसांचा कर्ण आहे. चौरस खरेच चौरस असतील तर सर्वांचे कर्ण एकाच सरळ रेषेत जाऊन क्षितिजावर मिळतात. कोणाचीही तयार जाळी बरोबर आहे की नाही हे तपासायचे असेल, तर मी आधी कर्णावर पट्टी ठेवतो. 3 फुटांचा चौक मोठा वाटला तर प्रत्येक चौकाचे दोन्ही कर्ण काढा. ते जिथे छेदतात तो त्या चौकाचा यथादर्शनातील मध्य असतो आणि त्यातून दीड फुटांची फरशी मिळते. डोळ्याला दिसणाऱ्या मध्यावर विभागणी केली तर मात्र ती चुकते.

फरशीच्या चौकटींवरून खोलीचे माप काढण्याची रीत इटलीत लिओन बत्तिस्ता अल्बेर्ती यांनी 1435 साली लिहून ठेवली आणि ती आजही तशीच चालते. बेळगावकरांना यासाठी दूरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. 1935 साली बेळगावात जन्मलेले आणि के. बी. कुलकर्णी यांच्याकडे शिकलेले चित्रकार रवी परांजपे यांनी वास्तुरचनांची यथादर्शन चित्रे रंगवली, ती हाताने. इमारत उभी राहण्याआधी ती कशी दिसेल हे ज्याला कागदावर दाखवायचे आहे, त्याला क्षितिज, लोपबिंदू आणि अंतर यांचा हिशेब चुकवता येत नाही. ज्याने ही जाळी एकदा तरी हाताने आखली आहे, त्याला संगणकावरची चुकीची जाळी लगेच खटकते, म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिली जाळी कागदावरच आखायला सांगतो.

संगणक हे काम चार बिंदूंवरून करतो. सपाट चित्राचे चार कोपरे नव्या चार जागी नेले की आठ आकडे मिळतात आणि तेवढ्यावर आतल्या प्रत्येक बिंदूची जागा गणिताने ठरते. म्हणून कोपरे बरोबर ठेवले तर आतल्या सगळ्या रेषा आपोआप योग्य ठिकाणी पडतात; एकेक रेषा हाताने सरकवण्याची गरज नसते. तुमच्या फरशीसाठी आडवे 20 आणि खोलीत 16 चौक असलेली सपाट जाळी बनवा. तिची खालची कड पडद्याच्या खालच्या कडेवर येईल, पण 20 चौक म्हणजे 18,000 पिक्सेल, त्यामुळे खालचे दोन कोपरे पडद्याच्या दोन्ही बाजूंना 7200 पिक्सेल बाहेर जातील. सोळाव्या चौकाची मागची कड क्षितिजाखाली 120 पिक्सेलवर येते आणि तिथे या 20 चौकांची रुंदी बरोबर 3600 पिक्सेल, म्हणजे पडद्याच्या रुंदीएवढी होते. अर्थात वरचे दोन कोपरे पडद्याच्या डाव्या-उजव्या कडांवर, वरून 1920 पिक्सेलवर ठेवायचे. चारच चौक घेऊन जाळी बनवली तर फरशी मधल्या त्रिकोणापुरती उरते आणि दोन्ही बाजू रिकाम्या राहतात. मग त्या भरण्यासाठी जाळी ओढूनताणून रुंद केली जाते आणि सगळे माप बिघडते.

हे काम फोटोशॉपपेक्षा कोरलड्रॉमध्ये करावे असे माझे स्पष्ट मत आहे. फ्लेक्सचे काम करणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत कोरल असतेच, पानाबाहेर कितीही दूर वस्तू ठेवता येते आणि रेषा व्हेक्टर असल्याने छपाईच्या कोणत्याही मापाला धारदार राहतात. ग्राफ पेपर टूलने 20 बाय 16 ची जाळी काढा, चार कोपऱ्यांसाठी गाइडलाइन लावा, ॲड पर्स्पेक्टिव्ह ही आज्ञा द्या आणि कोपरे गाइडलाइनवर बसवा. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून कोपरा ओढला तर समोरचा कोपराही तितकाच उलट दिशेने सरकतो, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या राहतात. एक गोष्ट मात्र आधी करावी लागते. पर्स्पेक्टिव्हमध्ये वस्तूचा आकार बदलतो, पण आउटलाइनची जाडी बदलत नाही. फरशीचे सांधे पुढे 6 पॉइंट असतील तर मागेही 6 पॉइंटच राहतात आणि मागची फरशी काळवंडते. म्हणून जाळीचा ग्रुप सोडवून, आउटलाइनचे कन्व्हर्ट आउटलाइन टू ऑब्जेक्टने आकारात रूपांतर करून, पुन्हा ग्रुप करून मगच पर्स्पेक्टिव्ह द्यावा. 2021 च्या आवृत्तीपासून कोरलमध्ये थेट यथादर्शनाच्या प्रतलावर रेखाटण्याचीही सोय आहे, पण या कामाला जुनी आवृत्ती पुरेशी आहे.

फोटोशॉपमध्ये करायचे असेल तर जाळी स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये ठेवा आणि फ्री ट्रान्सफॉर्ममधील डिस्टॉर्टने कोपरे हलवा. कॅनव्हास तात्पुरता रुंद करावा लागेल, म्हणून सगळी मापे तिसऱ्या हिश्शाने घेऊन आखणी केली तरी चालेल. स्मार्ट ऑब्जेक्टचा आग्रह अशासाठी की साध्या थरावर दोन-चार वेळा ट्रान्सफॉर्म केले की दर वेळी पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि रेषा मऊ पडत जातात. डिस्टॉर्टऐवजी वार्प वापरू नका. वार्पमध्ये कोपरे ओढले तर बाहेरचा आकार तसाच दिसतो, पण आतल्या रेषा यथादर्शनाच्या नियमाने जवळ येत नाहीत. कापड किंवा पताका वाकवण्यासाठी ते टूल आहे. गिंपमध्ये फिल्टर्समधील रेंडर, पॅटर्न, ग्रिड या मार्गाने सपाट जाळी मिळते आणि शिफ्ट-पी दाबून पर्स्पेक्टिव्हचे टूल येते; इंटरपोलेशन, म्हणजे पिक्सेल नव्याने मोजण्याची पद्धत, नोहेलो ठेवावे. व्ह्यू मेनूतून दिसणारी गिंपची ग्रिड मात्र सपाटच असते आणि चित्रात उमटत नाही. हाताने रंगवणाऱ्यांसाठी कृता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमधील पर्स्पेक्टिव्ह असिस्टंट उत्तम आहेत आणि ते सॉफ्टवेअर मोफत आहे.

वरच्या कोपऱ्यांबाबत एक मर्यादा पाळावी लागते. जाळीची वरची कड क्षितिजावर कधीही नेऊ नये. क्षितिज म्हणजे अनंत अंतर, आणि 16 चौक अनंतापर्यंत पुरत नाहीत. कड क्षितिजाच्या थोडी खाली थांबवून उरलेली पट्टी पायरीने, खांबांच्या तळखड्यांनी किंवा ग्रेडियंट मास्कने मिटवावी. हे छपाईच्या दृष्टीनेही सोयीचे आहे. साधारण डोळा कोनाच्या एका मिनिटाएवढा तपशील ओळखतो. 10 मीटरवरून पाहिले तर तो सुमारे 3 मिलिमीटर होतो. त्याहून जवळ आलेल्या रेषा दुरून एकजीव होऊन करडा पट्टा दिसतो आणि फोनच्या कॅमेऱ्यात त्यावर लाटांसारखी नक्षी उमटते. मंडपातील प्रत्येक फोटोत ती येईल, म्हणून दाट रांगा वेळीच विरळ करा.

आता दुकानाच्या फलकाकडे येऊ. इथे डोळा आपण ठरवायचा नसतो. तो कॅमेऱ्याच्या रूपाने आधीच ठरलेला असतो आणि आपल्याला तो फोटोतून शोधून काढायचा असतो. आधी लेन्सने वाकवलेल्या रेषा सरळ कराव्यात, कारण फोनच्या रुंद लेन्समध्ये कडेजवळच्या सरळ रेषा बाहेर फुगतात आणि चार बिंदूंचे गणित फक्त सरळ रेषांनाच लागू पडते. फोटोशॉपमध्ये लेन्स करेक्शन आणि गिंपमध्ये लेन्स डिस्टॉर्शन या फिल्टरने हे होते. त्यानंतर फोटोतला असा आयत शोधावा ज्याचे खरे माप आपल्याला घेता येते. आपल्या बाजारपेठांत तो समोरच असतो: दुकानाचे शटर. त्याच्या पट्ट्या समांतर असतात, चौकट काटकोनात असते आणि टेप लावून रुंदी-उंची मोजता येते. फलकाच्या जुन्या चौकटीवरून कोपरे घेण्यापेक्षा शटरवरून घ्यावेत, कारण आयत जितका मोठा तितकी बोटाची चूक पुढे वाढत जात नाही.

फोटोशॉपमधील व्हॅनिशिंग पॉइंट हे फिल्टर 2005 च्या सीएस 2 आवृत्तीत आले आणि या कामासाठी अजूनही मला तेच सर्वांत भरवशाचे वाटते. सपाट फलक निवडून कॉपी करा, फोटोवर नवा रिकामा थर घ्या आणि मग फिल्टर उघडा, म्हणजे निकाल वेगळ्या थरावर येतो. शटरच्या चार कोपऱ्यांवर प्रतल आखा. जाळी लाल झाली तर प्रतलाचे प्रमाणच निघत नाही, पिवळी झाली तर लोपबिंदू नीट सापडत नाहीत, निळी झाली तर गणिताला ती मान्य आहे. निळी जाळी म्हणजे बरोबर जाळी असे मात्र समजू नये. जाळीच्या रेषा शटरच्या पट्ट्यांवर खरोखर चालतात का, हे झूम करून पाहावे लागते. मग प्रतलाची वरची कड ओढून फलकाच्या जागेपर्यंत न्या. ती योग्य यथादर्शनातच वाढते. फलक पेस्ट करून प्रतलात सरकवा. दुकान कोपऱ्यावर असेल तर कंट्रोल दाबून बाजूची कड ओढली की काटकोनातले दुसरे प्रतल निघते. ही जाळी पीएसडी, टिफ किंवा जेपेग फाइलमध्ये साठून राहते, त्यामुळे ग्राहकाने रंग बदलायला सांगितला तरी आखणी पुन्हा करावी लागत नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानात दोन्ही बाजूंचे लोपबिंदू एकमेकांना पटतात का, हे तपासण्याचा एक हिशेब आहे, जो फारसा सांगितला जात नाही. कॅमेरा आडवा समतल धरला असेल आणि फोटो कापलेला नसेल, तर मध्यापासून डाव्या लोपबिंदूचे अंतर आणि उजव्या लोपबिंदूचे अंतर यांचा गुणाकार हा कॅमेऱ्याच्या नाभीय अंतराच्या (फोकल लेंथच्या) वर्गाएवढा असतो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे 35 मिलिमीटर फिल्मशी तुल्य नाभीय अंतर 26 मिलिमीटर असेल आणि फोटो 4000 पिक्सेल रुंद असेल, तर ते साधारण 2900 पिक्सेल होते. उजवा लोपबिंदू मध्यापासून 1450 पिक्सेलवर असेल तर डावा सुमारे 5800 पिक्सेलवर असला पाहिजे. तो 3000 वर आला तर दोन्ही भिंतींमधला कोन काटकोन राहत नाही आणि एक पाटी नक्कीच चुकीच्या भिंतीवर बसल्यासारखी दिसते.

आपल्या भागात फलक दोन लिप्यांत असतात आणि यथादर्शनाच्या दृष्टीने त्यांचा स्वभाव वेगळा आहे. देवनागरीची शिरोरेषा ही फलकावरची सर्वांत लांब सरळ रेषा असते. ती लोपबिंदूकडे गेली नाही तर सामान्य माणसालाही पाटी वाकडी दिसते, मग बाकी सगळे कितीही बरोबर असो. कन्नड अक्षरे गोलाकार आणि सुटी असल्याने लहान चूक त्यांत लपून जाते. म्हणून जुळवणी नेहमी मराठी ओळीवर तपासावी. शिरोरेषा शटरच्या वरच्या चौकटीच्या लोपबिंदूलाच मिळते का ते पाहावे, कन्नड ओळ मग आपोआप जुळते. दुसरी बाब प्रमाणाची. कर्नाटकात 2024 च्या सुधारित कायद्यानुसार व्यापारी फलकावर किमान 60 टक्के कन्नड असणे बंधनकारक आहे. हे प्रमाण सपाट आराखड्यावरच मोजावे. तिरप्या फोटोत जवळची बाजू फुगते आणि लांबची आक्रसते, त्यामुळे फोटोवर मोजलेली टक्केवारी खऱ्या फलकाची नसते. ग्राहकाला मंजुरीसाठी नमुना देताना मापांसह सपाट आराखडा आणि तिरपा फोटो दोन्ही द्यावेत.

खानापूरकडच्या कामात उतरत्या कौलारू छपरांचाही प्रश्न येतो, आणि कौलांच्या रांगा ही तर तयार जाळीच आहे. छपराची आडवी कड भिंतीच्याच लोपबिंदूकडे जाते, पण उतरणीच्या रेषा क्षितिजावर मिळत नाहीत. कॅमेरा समतल असेल तर चढत्या उताराचा लोपबिंदू, ज्या भिंतीवर त्रिकोणी पाखा दिसतो तिच्या लोपबिंदूच्या बरोबर वर, उभ्या रेषेत असतो. पलीकडच्या उताराचा तितकाच खाली असतो. जिन्याच्या पायऱ्यांनाही हेच लागू आहे. व्हॅनिशिंग पॉइंटमध्ये ऑल्ट दाबून प्रतलाचा कोन बदलता येतो, त्याचा उपयोग इथे होतो.

जाळी जुळल्यावरही फलक चिकटवलेला दिसत असेल तर कारण प्रकाशात असते. फोटोतला सर्वांत गडद काळा आणि सर्वांत उजळ पांढरा किती आहे ते आयड्रॉपरने पाहा आणि फलकाची लेव्हल्स त्याच मर्यादेत आणा; संगणकावर बनवलेला शुद्ध काळा रस्त्यावरच्या फोटोत कधीच नसतो. शटरवर सावली ज्या दिशेने पडली आहे त्याच दिशेने फलकाखाली सावली द्या, थोडा ब्लर आणि फोटोइतकाच नॉइज द्या.

तुमच्या पडद्यासाठी शेवटचे काम छपाईपूर्वीचे आहे. पूर्ण आकाराची फाइल देण्याआधी चित्र ए3 कागदावर छापून भिंतीवर लावा. 12 फुटांचा पडदा 42 सेंटिमीटरवर आला की 12 फुटांचे अंतरही 42 सेंटिमीटर होते, म्हणून तेवढ्याच अंतरावर एक डोळा मिटून आणि दुसरा क्षितिजरेषेच्या उंचीवर ठेवून पाहा. फरशी तिथून सपाट पसरलेली दिसली पाहिजे. ती अजूनही उभी वाटत असेल तर चौकांची संख्या किंवा रंग बदलत बसू नका. क्षितिज आणखी अर्धा फूट खाली आणा आणि चारही कोपरे नव्याने मोजा.